मूलद्रव्याचे घर आणि त्याचे ऑक्साइड



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावातले एक शेतकरी खताची रिकामी गोणी काखेत मारून शाळेत आले. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. गोणी माझ्या टेबलावर पसरून म्हणाले, "मास्तर, पोरगी नववीत आहे. तिनं गोणीवरचं वाचलं आणि म्हणाली, अण्णा, हे पाण्यात पडलं की जहाल आम्ल होतं. मी तर हे दोन वर्षं शेतात टाकतोय. खरं काय ते सांगा."

गोणीवर १०:२६:२६ असे आकडे होते. त्यांखाली नायट्रोजन, मग पी-टू-ओ-फाइव्ह, मग के-टू-ओ. आपल्या शेतीच्या भाषेत नत्र, स्फुरद आणि पालाश. मुलीचे म्हणणे पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर होते. फॉस्फरसचे ते ऑक्साइड पाण्यात पडले की चरचरते आणि त्याचे आम्ल होते. गोणीवरचा छापही खोटा नव्हता. तरी अण्णांचे पीक जळाले नव्हते. मी पंचवीस वर्षे विज्ञान शिकवतो, पण उभ्याउभ्या मला नीट उत्तर सुचले नाही. "उद्या सांगतो," म्हणालो. रात्री बसून जे जुळवले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. त्यासाठी गोणी थोडा वेळ बाजूला ठेवू.

कोणत्याही मूलद्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की जे बनते ते ऑक्साइड. आपले गाव ऑक्साइडांनी भरलेले आहे. भट्टीतून निघालेली चुनकळी हे कॅल्शियमचे ऑक्साइड. नदीतली वाळू बव्हंशी सिलिकॉनचे. नांगराच्या फाळावरचा गंज म्हणजे पाणी धरून बसलेले लोखंडाचे ऑक्साइड. गंधक पेटवले की नाकाला झोंबणारा वायू येतो, तो गंधकाचे ऑक्साइड. पाणीसुद्धा हायड्रोजनचे ऑक्साइडच. आता गंमत पाहा. यांतले एक दगडासारखे घट्ट, एक वायू, एक पिण्याचे. एक पाण्यात टाकले की पाणी उकळू लागते, दुसरे हजार वर्षे नदीत पडून राहिले तरी हूं की चूं करीत नाही. ऑक्सिजन तर सगळ्यांत तोच! मग हा फरक ठरवतो कोण?

उत्तर शाळेच्या भिंतीवर टांगलेले असते. आवर्तसारणीचा तक्ता. आज त्यात ११८ मूलद्रव्ये आहेत. उभ्या रांगांना गण म्हणतात, आडव्यांना आवर्त. मूलद्रव्य कोणत्या घरात बसले आहे एवढे कळले, तर त्याच्या ऑक्साइडचे सूत्र आणि बरेचसे गुण न पाहता सांगता येतात. ही सोय मागाहून कोणी शोधून काढली असे नव्हे. रशियातल्या मेंडेलीव्हने १८६९ साली पहिली सारणी केली. १८७१ साली ती सुधारून छापली, तेव्हा प्रत्येक गणाच्या डोक्यावर त्याने त्या गणाच्या ऑक्साइडचे सूत्रच लिहिले होते. म्हणजे ऑक्साइड हा सारणीचा दागिना नाही, तो तिचा पाया आहे.

रेडिओवर फळा नसतो, म्हणून सूत्रे बोटांवर मोजू. छापील पुस्तिकेतही ती तशीच ठेवली आहेत. ऑक्सिजनला दोन हात आहेत असे समजा. पहिल्या गणातला सोडियम एकहाती. ऑक्सिजनचे दोन्ही हात भरायला सोडियम दोन लागणार. सूत्र झाले : सोडियम दोन, ऑक्सिजन एक. दुसऱ्या गणातला मॅग्नेशियम दोन हातांचा, जोडी एकास एक. अॅल्युमिनियमला तीन हात. तीन आणि दोन यांचा लसावि सहा, म्हणून अॅल्युमिनियम दोन, ऑक्सिजन तीन. सिलिकॉन चौहाती, तेव्हा एकास दोन. फॉस्फरस पाच हातांचा, म्हणून दोनास पाच. गंधक सहा, म्हणून एकास तीन. क्लोरिन सात, म्हणून दोनास सात. नव्या तक्त्यात गणांचे क्रमांक १ ते १८ असतात. तेरापासून सतरापर्यंतच्या गणांत दहा वजा केले की हातांची संख्या मिळते.

हात ही आपली सोयीची भाषा. खरा हिशेब अणूच्या बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा आहे. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, मॅग्नेशियमच्या दोन, असे क्लोरिनच्या सातापर्यंत. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात सहा आहेत आणि आठाला दोन कमी पडतात. त्याची सारी धडपड त्या दोनांसाठी. मी विद्यार्थी असताना ही सूत्रे पाढ्यांसारखी घोकली होती. अॅल्युमिनियमचे दोनास तीन उलटे लिहिले म्हणून हातावर छडीही खाल्ली. गणाचा क्रमांक पाहा, एवढे कोणी सांगितले असते तर छडी वाचली असती.

सूत्र मिळाले, पण ती अर्धी गोष्ट. वाळूचे सूत्र एकास दोन आणि आपल्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचेही एकास दोन. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातले, सख्खे शेजारी. तरी एक वायू आहे आणि दुसरा साधारण १,७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही. याचा अर्थ सूत्राबरोबर बंध कोणत्या जातीचा आणि अणूंची रचना कशी, हेही पाहिले पाहिजे.

बंध जुळायचे मुख्य प्रकार दोन. एकात धातू आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतो. धातूवर धन भार येतो, ऑक्सिजनवर ऋण भार, आणि दोघे एकमेकांना ओढून धरतात. हा आयनिक बंध. दुसऱ्यात कोणीच कोणाला इलेक्ट्रॉन देऊन टाकीत नाही. दोघे मिळून वापरतात, दोन भावांनी एका विहिरीवर पाळी लावावी तसे. हा सहसंयुज बंध. पण पाळी नेहमीच सारखी नसते. एखादा भाऊ दांडगा असला की मोट त्याच्याकडे जास्त चालते. अणूच्या या ओढीला विद्युतऋणता म्हणतात. अमेरिकेतल्या लायनस पॉलिंगने १९३२ साली तिला आकडे दिले. पुढे सुधारलेल्या या आकड्यांत ऑक्सिजन ३.४४ वर आहे. सोडियम ०.९३, मॅग्नेशियम १.३१, अॅल्युमिनियम १.६१, सिलिकॉन १.९०, फॉस्फरस २.१९, गंधक २.५८, क्लोरिन ३.१६. आता प्रत्येकाची ऑक्सिजनशी वजाबाकी करा. सोडियमशी अडीच, मॅग्नेशियमशी दोनच्या वर, अॅल्युमिनियमशी पावणेदोनच्या जरा वर, सिलिकॉनशी दीड, फॉस्फरसशी सव्वा, गंधकाशी एकाच्या आत, क्लोरिनशी जेमतेम पाव. फरक १.७ च्या पुढे गेला की बंध बहुतांशी आयनिक आणि अलीकडे राहिला तर बहुतांशी सहसंयुज, असा ढोबळ आडाखा आहे. तो आडाखाच म्हणून वापरावा. पावसाच्या नक्षत्रासारखा तो कधी हुकतोही.

या उतरंडीबरोबर गुण कसे बदलतात पाहा. मॅग्नेशियमचे ऑक्साइड २,८०० अंशांच्याही वर वितळते, म्हणून भट्ट्यांच्या विटांत घालतात. त्याच्या स्फटिकात सुटे रेणू नाहीतच. प्रत्येक मॅग्नेशियमभोवती सहा ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजनभोवती सहा मॅग्नेशियम, असे चहूकडून बांधलेले. रांगेच्या उजव्या टोकाकडे गंधकाचे एकास तीन ऑक्साइड मात्र १७ अंशांना वितळते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात ते घट्ट राहायचेच नाही. तेथे रेणू सुटे आहेत. रेणूच्या आतला बंध पक्का असतो, पण एका रेणूची दुसऱ्याशी ओढ थोडी. मध्ये बसलेली वाळू वेगळीच. बंध सहसंयुज, पण सुटा रेणू नाही. प्रत्येक सिलिकॉनला चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांच्या मध्ये, असे अखंड जाळे. कार्बन लहान आहे. तो दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनांशी दुहेरी बंध करून मोकळा होतो आणि त्याचा रेणू वायू होऊन उडतो. सिलिकॉन मोठा, त्याला ऑक्सिजनशी दुहेरी बंध नीट पेलत नाही. म्हणून तो चार हात चार दिशांना पसरतो आणि गारगोटी तयार होते. शिक्षकमित्रांनो, वर्गात हा प्रश्न अवश्य विचारा. पाठांतराला येथे जागाच नाही.

दुसरा फरक आम्ल-आम्लारीचा. सारणीच्या डाव्या बाजूची, धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी, उजवीकडची, अधातूंची आम्लधर्मी. चुनकळी पाण्यात विरवली की होणाऱ्या चुन्यात हळद घाला, ती लाल होते. हे आपल्या बायाबापड्यांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. लॅव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑक्सिजनला जे नाव दिले त्याचा अर्थच 'आम्ल करणारा'. त्याला वाटले, प्रत्येक आम्ल ऑक्सिजनमुळेच होते. चुना त्या नावाला सरळ खोटे पाडतो. गंमत अशी, की चुना हा एखाद्या धातूचे ऑक्साइड असावा हा संशयही १७८९ साली लॅव्हाझिएनेच बोलून दाखवला होता. १८०८ साली डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम काढून दाखवले.

डावे ऑक्साइड आणि उजवे ऑक्साइड समोरासमोर आले की त्यांचा क्षार बनतो. हे पाहायला प्रयोगशाळा नको. चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंका, ती दुधाळ होते. श्वासातले उजवे ऑक्साइड निवळीतल्या चुन्याला भेटले. फुंकावे, ओढू नये. चुनकळी विरवणे असेल तर ते काम शिक्षकांनीच करावे आणि मुलांना लांब उभे करावे, कारण चुना डोळ्यांत उडाला तर इजा कायमची होते. हाच खेळ मोठ्या प्रमाणावर आपल्या अनेक साखर कारखान्यांत चालतो. उसाच्या रसात चुन्याचे पाणी सोडतात आणि गंधक जाळून केलेला वायू. दोघांचा क्षार साका होऊन खाली बसतो, रसातला मळ सोबत नेतो, आणि साखर पांढरी येते.

आणि मधले? अॅल्युमिनियमचे ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि दाहक सोड्यातही. अशांना उभयधर्मी म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर बॉक्साइटचा जो लाल दगड निघतो, त्यात अॅल्युमिनियमबरोबर लोखंडाचेही ऑक्साइड असते. गरम दाहक सोड्याच्या द्रावणात अॅल्युमिनियमवाले उतरते, लोखंडाचे लाल चिखल होऊन मागे राहते. सगळा अॅल्युमिनियमचा धंदा या एका दुतोंडी गुणावर उभा आहे.

आता मेंडेलीव्हची एक हकीकत सांगतो. माझ्या मते सारणीची खरी परीक्षा येथे झाली. बेरिलियम नावाचे मूलद्रव्य. त्याचे ऑक्साइड अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडासारखे वागते, तेही उभयधर्मी. म्हणून अनेक रसायनज्ञ म्हणत, याचेही सूत्र दोनास तीन. तसे मानले तर बेरिलियमचा अणुभार चौदाच्या आसपास येतो. पण चौदावर नायट्रोजन बसलेला. सारणीत जागाच नाही! मेंडेलीव्ह म्हणाला, सूत्र एकास एक आहे, अणुभार नऊ आहे आणि बेरिलियम मॅग्नेशियमच्या डोक्यावर दुसऱ्या गणात बसते. घर रिकामे आहे, म्हणून सूत्र बदला, असे म्हणायला छाती लागते. स्वीडनचे निल्सन आणि पेटरसन हे दोघे आधी विरुद्ध पक्षातले. त्यांनीच बेरिलियमच्या क्लोराइडाच्या वाफेची घनता मोजली आणि १८८४ साली मेंडेलीव्हचे म्हणणे खरे ठरवले.

मग बेरिलियम अॅल्युमिनियमसारखे वागते ते का? कारण सारणीत दोघांची घरे तिरपी, कर्णावर आहेत. बेरिलियमचा अणू फार लहान. एवढ्याशा आयनावर दोन भार आले की तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि बंध पुरता आयनिक राहत नाही. म्हणूनच त्या गणात खाली उतरत गेले, म्हणजे मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, की ऑक्साइडाचा आम्लारी गुण वाढत जातो. डावीकडे आणि खाली आम्लारी, उजवीकडे आणि वर आम्ल, आणि मधून जिन्यासारखी उतरणारी उभयधर्मी रेघ. तक्त्यावर बोट फिरवून हे मुलांना दाखवावे.

मेंडेलीव्हने काही घरे मुद्दाम मोकळी सोडली होती. सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घरातल्या, कोणीही न पाहिलेल्या मूलद्रव्याला त्याने 'एक-सिलिकॉन' म्हटले. हा 'एक' आपल्या संस्कृतातलाच. त्याने १८७१ सालीच सांगून ठेवले, की त्याचा अणुभार ७२ च्या आसपास असेल, ऑक्साइडाचे सूत्र एकास दोन आणि त्या ऑक्साइडाची घनता ४.७. जर्मनीत विंक्लरने १८८६ साली जर्मेनियम शोधले. त्याच्या ऑक्साइडाचे सूत्र एकास दोन निघाले आणि घनता ४.७ च भरली.

असे असले तरी सारणीवर आंधळा भरवसा ठेवू नये. गणाचा क्रमांक सांगतो तो ऑक्सिजनचा बहुधा सर्वांत वरचा हिस्सा. त्याखालची ऑक्साइडे असू शकतात. गंधक हवेत जाळले तर मुख्यतः एकास दोन मिळते, एकास तीन करायला कारखान्यात उत्प्रेरक लागतो. सोडियम भरपूर हवेत जाळला तर दोनास एक न होता बहुतेक दोनास दोन, म्हणजे पेरॉक्साइड होते. मधल्या गणांतल्या धातूंचे तर विचारूच नका. मँगनीजचे एकास एक ऑक्साइड आम्लारी, आणि त्याच मँगनीजचे दोनास सात ऑक्साइड इतके आम्लधर्मी आणि तापट, की तापवले तर स्फोट होतो. धातूचे हात जसजसे जास्त गुंततात तसतसा बंध सहसंयुज होतो आणि ऑक्साइड उजवीकडच्यांसारखे वागू लागते. तांबे अकराव्या गणात, म्हणून त्याचे हात एक म्हणाल तर फसाल. त्याचे नेहमीचे काळे ऑक्साइड एकास एक आहे. सातव्या रांगेच्या शेवटी शेवटी तर मूलद्रव्ये क्षणभरच टिकतात, त्यांच्या ऑक्साइडांचे भाकीत कागदावरच राहते.

तर आता गोणी उलगडू. फॉस्फरस पंधराव्या गणात, दहा वजा केले की पाच, म्हणून दोनास पाच. पोटॅशियम पहिल्या गणात, म्हणून दोनास एक. गोणीवरची दोन्ही सूत्रे सारणीने आधीच सांगितलेली होती. मुलीचेही बरोबर. फॉस्फरस उजवीकडचा, त्याचे ऑक्साइड आम्लधर्मीच असणार. पण अण्णांच्या गोणीत ते ऑक्साइड नव्हतेच. अशा खतात अमोनियम फॉस्फेट आणि पोटॅशियमचा क्षार असतो. फॉस्फरसच्या त्या ऑक्साइडाला आम्ल व्हायचे, मग आम्लारी भेटून क्षार व्हायचे, हा सगळा प्रवास कारखान्यातच संपलेला असतो. मग गोणीवर ऑक्साइडाचे नाव का? जुने रसायनज्ञ राखेचे आणि मातीचे पृथक्करण करून त्यातले घटक ऑक्साइडांच्या रूपात मांडीत. ती मोजायची रीत खतांच्या व्यापारात टिकली. पायली गेली तरी धान्य पायलीने मोजावे, तसे.

अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे त्यातलं खरं स्फुरद किती?" हिशेब सोपा आहे. फॉस्फरसचा अणुभार ३१, दोन अणूंचे ६२. पाच ऑक्सिजनांचे ८०. एकूण १४२ भागांत फॉस्फरस ६२, म्हणजे शेकडा साधारण ४४. पन्नास किलोच्या गोणीत २६ टक्के म्हणजे तेरा किलो लिहिलेले, त्यात खरा फॉस्फरस सुमारे ५.७ किलो. पोटॅशियमचे तसे नाही. दोन पोटॅशियमचे ७८, ऑक्सिजनचे १६. शेकडा ८३, म्हणून तेरा किलोत जवळजवळ पावणेअकरा किलो. लिहिलेले दोन्ही तेरा, पण आत ज्याचे त्याचे वेगळे. खताची शिफारसही आपल्याकडे ऑक्साइडातच देतात, तेव्हा गोणी आणि शिफारस यांचा मेळ बसतो. मात्र ऑस्ट्रेलियासारख्या देशात हेच आकडे मूलद्रव्याच्या रूपात छापतात. म्हणून कुठलाही अहवाल किंवा परदेशी पुस्तक हाती आले, तर स्फुरद कोणत्या रूपात मोजले आहे ते आधी विचारावे. चुकलात तर हिशेब सव्वादोन पटीपेक्षा जास्त इकडचा तिकडे होतो, आणि ते पैसे मातीत जातात.

मुलांना घरचा अभ्यास म्हणून द्या. सुपर फॉस्फेटची पन्नास किलोची गोणी, तिच्यावर १६ टक्के असे लिहिलेले. उत्तर साडेतीन किलोच्या जवळ यायला हवे. अण्णांच्या मुलीचे आले.